खट्टा मीठा

बासु चॅटर्जींचा ‘खट्टा मीठा’ (१९७८) किती वेळा पाहिलाय याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली आहे. चार मुलगे असलेला विधुर होमी मिस्त्री म्हणजे अशोककुमार, आणि दोन मुलगे नि एक मुलगी असलेली विधवा नर्गिस सेठना म्हणजे पर्ल पदमसी. दोघं लग्न करतात आणि मुंबईतल्या एका पारशी घरात सात मुलं एकत्र येतात. मग काय, नुसती धमाल!

मूळ कल्पना अमेरिकन. १९६८च्या ‘युवर्स, माइन अँड अवर्स’मध्ये हेन्री फोंडाची दहा आणि ल्युसिल बॉलची आठ पोरं होती, तीही एका खऱ्या कुटुंबावरून घेतलेली. बासुदांनी आकडा सातावर आणला ते बरंच केलं. मुंबईत अठरा पोरांना जागा कोण देणार? गंमत म्हणजे या पोरांच्या गर्दीत पर्ल पदमसींचा खरा मुलगा रणजित चौधरी आहे आणि अशोककुमारांची खरी मुलगी प्रीती गांगुलीही!

एरवी मी नुसती हसले असते. पण आमच्या मावशीने एकोणसाठाव्या वर्षी दुसरं लग्न करायचं ठरवलं, आणि हा सिनेमा घरातच सुरू झाला. (घरची मंडळी वाचत असतीलच. वाचा!) काका जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी परदेशात. पहिला प्रश्न ‘लोक काय म्हणतील’, दुसरा जरा हळू आवाजात, ‘फ्लॅट कुणाच्या नावावर?’ मामा म्हणाला, “सोबतच हवी ना, मग एखादी बाई ठेव.”

मावशी शांतपणे म्हणाली, “बाईशी मी हक्काने भांडू कशी?”

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

महर्षी कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा ते स्वतः एका मुलाचे वडील होते. त्यानंतर तरुणांचे पुनर्विवाह हळूहळू आपल्या अंगवळणी पडले. पण मुलं मोठी झाली की आईबापांनी फक्त आईबाप असावं, ही आपली अपेक्षा काही सुटत नाही. ‘खट्टा मीठा’ मला आवडतो तो यासाठी. त्यात उतारवयातल्या माणसांना सोबत हवीशी वाटणं ही लाजेची गोष्ट नाही.

सिनेमाचं बरं असतं, अडीच तासांत सगळं गोड होतं. मावशीच्या नव्या घरात काकांचा आणि तिकडच्या काकूंचा फोटो एकाच भिंतीवर शेजारी शेजारी आहेत, दोघांनाही रोज ताजं फूल. पण तिकडचा धाकटा मुलगा अजून घरी आलेला नाही. दोन दिवाळ्या झाल्या. दोन्ही वेळा मावशीने त्याचा फराळाचा डबा वेगळा भरून ठेवला, आणि थोरल्याच्या हाती पाठवला.

यंदा डबा रिकामा होऊन परत आला म्हणे. धुतलेला.