वड्यांनंतरची रात्र

मातोंडच्या घोडेमुख देवाची कोंब्यांची जत्रा झाली की वेंगुर्ल्याच्या गावागावांत त्या रात्री कोंबडी-वड्यांचा बेत ठरलेला. खोबऱ्याचा दाट रस्सा, तेलात टम्म फुगलेले वडे आणि वाढणारीचा आग्रह, "अजून एक वडो घे रे, खाल्लंस काय तू?" पंगत उठते अकराला. लगेच अंथरुणं पडतात. आणि मध्यरात्री कुणीतरी दचकून उठून बसतं. घशाशी आंबट-कडू पाणी, छातीच्या हाडामागे आग. "पित्त खवळला," म्हणत आमसुलांची बरणी शोधली जाते.

पित्त म्हणून बदनाम होतं ते बिचारं आम्ल! ते जठरात असायलाच हवं. बऱ्याच जणांत ते जास्तही झालेलं नसतं, फक्त नको तिथे पोचलेलं असतं. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं आहे. घास उतरला की ते आवळतं. तेलकट जेवण जठरात रेंगाळतं, ताणलेल्या जठरामुळे कडं पुन्हा पुन्हा सैल पडतं, आणि आडवं झालं की आम्लाला चढाची अडचण उरत नाही. सुटलेलं पोट, गरोदरपण, सिगारेट, फेणी हेही या त्रासाचेच साथीदार. काहींच्या जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकलेला असतो. तो हर्निया बाहेरून दिसत नाही. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात अम्लपित्ताचे ऊर्ध्वग आणि अधोग असे प्रकार दिले आहेत. वर चढणारं ते ऊर्ध्वग. शतकांपूर्वीच्या वैद्यांनाही दिशा महत्त्वाची वाटली होती.

सोलकढीचं काय? कोकम स्वतःच आंबट, नारळाचा रस स्निग्ध. जेवणाअखेरची वाटी मी सोडणार नाही, पण तिला औषध म्हणणार नाही. त्यापेक्षा झोपण्याआधी दोन-तीन तास जेवण उरका, डाव्या कुशीवर निजा. उशांची चळत नको, तिने पोट दुमडतं. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली चिऱ्याचे वीतभर उंच तुकडे सरकवा. चिरा आपल्याकडे मिळतोच. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी आराम पडतो, पण त्या डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षं चालू ठेवू नका.

आणि घास अडकू लागला, वजन उतरलं, शौचास काळं झालं तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टर गाठा. छातीतली कळ हातात, जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, तर पित्त म्हणून बरणी शोधत बसू नका. तडक रुग्णालयात जा.