आगोट आणि कटर

वैशाख चढला की कोकणातल्या अंगणांना आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, घाई सुटते. आमसुलं, सांडगे, फणसपोळ्या उन्हात पडलेल्या असतात आणि त्यांच्यापलीकडे, पडवीच्या कडेला, आंब्याच्या, ऐनाच्या, आकेशियाच्या लाकडांचा ढीग वाढत असतो. गॅस घरोघर आला, पण न्हाणीतलं चुलाण विझलेलं नाही. आषाढातल्या ओल्या सकाळी अंघोळीला धुरकट वासाचं कढत पाणी मिळावं, एवढ्यासाठी आम्ही उन्हाळाभर लाकडं जमवतो.

पूर्वी या दिवसांत घरामागून कुऱ्हाडीचा घाव ऐकू यायचा आणि त्यापाठोपाठ समोरच्या डोंगराने परत केलेला त्याचा नाद. आता कटर, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, ऐकू येतो. मला तो आवाज आवडत नाही. तो सुरू झाला की खंड्यासुद्धा गप्प होतो. तरी कटर माझ्याकडे आहे. दोन माणसांनी ओढायच्या करवतीला दुसरा माणूस लागतो आणि गावातला दुसरा माणूस मुंबईला असतो.

कटर घ्यायला गेलात की दुकानदार हमखास 22 इंची पात्याचं धूड पुढे करतो. त्या लांबीची भुरळ पडते खरी. पण घरच्या सरपणाला लागतात वाऱ्याने पडलेल्या फांद्या, वाळलेलं काजूचं खोड, फार तर मांडीएवढा ओंडका. त्याला 14 किंवा 16 इंचांचं पातं पुष्कळ झालं. जाडजूड बुंधाही दोन्ही बाजूंनी कापला की त्यात बसतो. आणि आमची लाकडं काही सपाटीवर पडत नाहीत. कातळ उतरून, करवंदीच्या जाळीतून मशीन हातात धरून न्यावं लागतं. सकाळी सात वाजता हलकं वाटलेलं दहा वाजता खांदा सांगतो त्या वजनाचं असतं. नुसतं डहाळं छाटायचं असेल, तर बॅटरीवरचं छोटं मशीन मला जास्त पसंत आहे. ते शेजाऱ्याची झोप मोडत नाही.

या साखळीच्या दातांची गोष्ट मात्र मोठी देखणी आहे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या 1946 साली एका ओंडक्यातली भुंग्याची अळी निरखत बसला. अळी डावीकडे-उजवीकडे जबडा चालवत आडव्या-उभ्या रेषांतून लाकूड सारखंच फस्त करत होती. त्याने तो जबडा पोलादात उतरवला. 1947मध्ये त्याची साखळी बाजारात आली आणि आजच्या बहुतेक साखळ्या तिच्याच वंशातल्या. आपल्या हापूसच्या खोडात भुसा पाडत शिरणारा भिरूड हा त्याच लांब मिशांच्या भुंग्यांच्या कुळातला. म्हणजे एक भाऊबंद कलम मारतो आणि दुसऱ्याच्या जबड्याने आपण त्याच कलमाचं सरपण करतो!

हे दात जपायचे तर कानस हवी, साखळीच्या मापाची, गोल. मशीनवर हजारो रुपये टाकणारा माणूस कानशीला कुरकुरतो, याचं मला नवल वाटतं. धार बरी असली की लाकडातून जाडसर चुरा उडतो. पिठासारखा भुगा पडू लागला की थांबावं. एकदा साखळी जांभ्या दगडाला टेकली, की पुढचा अर्धा तास कानशीचाच. पात्याला तेलही चांगलं द्यावं. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं, पण ते भुग्याबरोबर आपल्याच मातीत जातं.

आपल्या जमिनीतलं झाड आपलंच, हा समजही दुकानाबाहेर ठेवावा. आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ ही 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत. परवानगीशिवाय त्यांच्या बुंध्याला हात लावता येत नाही. कटर पाच मिनिटांत झाड आडवं करतो. कुऱ्हाडीला लागणाऱ्या अर्ध्या दिवसात माणसाचं मन बदलायला वाव असायचा.

आणि आपलं अंग. साखळी सेकंदाला 20 मीटरच्या आसपास धावते. पात्याच्या नाकाचा वरचा भाग चुकून लाकडाला टेकला, तर अख्खं मशीन तोंडावर उसळतं. म्हणून पुढच्या ब्रेकशिवायचं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नये. पायांसाठी कटरची खास पँट मिळते. तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी कापडात घुसली की ते धागे ओढले जाऊन चाकात गुंततात आणि साखळी जागच्या जागी थांबते. मे महिन्यात ती अंगावर नको होते, घामाच्या धारा लागतात. त्यावर उपाय एकच, पहाटे कामाला लागायचं आणि ऊन तापायच्या आत मशीन ठेवून द्यायचं. जाळीचा पडदा आणि कान झाकणाऱ्या वाट्या असलेलं हेल्मेटही त्यातच आलं.

आपल्याकडे बहुतेक लोक स्वतः कापत नाहीत, रोजावर कटरवाला बोलावतात. तो हाफ पँट आणि स्लिपरवर येतो, आणि आपण त्याला चहा देऊन बाजूला उभे राहतो. तेव्हा मशीन घेणार नसाल तरी ती पँट आणि हेल्मेट घेऊन घरात ठेवा. तो हसेल, नको म्हणेल. तरी ती चढवल्याशिवाय त्याला दोरी ओढू देऊ नका.