टोल वाचवण्याचा खर्च

गाडीच्या खणात मी एक वही ठेवतो. परळ ते कोल्हापूर प्रवासाचा खर्च तिच्यात टिपायचा, ही शिस्त काही वर्षांपूर्वी मीच मला लावून घेतली. परवा ती वही पहिल्या पानापासून चाळली आणि ओशाळलो. पेट्रोलच्या आकड्यापुढे सगळीकडे ‘अंदाजे’. चहा, नाश्ता, पंक्चर यांचा पत्ताच नाही. टोल मात्र रुपया न् रुपया लिहिलेला, नाक्याच्या नावासकट आणि तोही लाल शाईत. एका बाजूच्या प्रवासात पेट्रोल अडीच हजारांच्या घरात जातं, टोल साधारण त्याच्या चौथाईत बसतो. तरी माझं रक्त उसळायचं ते टोलवर. पेट्रोल मी आपखुशीनं भरतो आणि टोल कुणीतरी माझ्या खिशात हात घालून काढून घेतं, असा माझा समज होता. त्या समजापायी मी काय काय केलं, ते आता लिहूनच टाकतो.

पहिली चूक आडवाटेची. 2022च्या जानेवारीत ऑफिसातल्या एकानं सांगितलं, अमुक नाक्याच्या अलीकडे डावीकडे गावात शिरायचं, ओढ्याच्या कडेनं जायचं, की नाका टाळून थेट पलीकडे निघतो. वाचणार होते 75 रुपये. मी शिरलो. ऊसतोडणीचा हंगाम होता. समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला, मी साईडपट्टीवर उतरलो आणि खालून ‘खाडकन्’ आवाज आला. थोड्या वेळानं ऑइलचा लाल दिवा लागला. तरी म्हटलं, पुढच्या गावात बघू. तिथल्या गॅरेजवाल्यानं खाली वाकून पाहिलं. ‘‘चेंबर फुटलाय साहेब. अजून दोन किलोमीटर रेटली असती तर इंजिनच बसलं असतं.’’ चेंबर, ऑइल, गाडी ओढून आणणं आणि लॉजवरची एक रात्र, सगळं मिळून 6,200 रुपये गेले. त्या दिवशीच्या पानावर मी काय लिहिलं असेल? ‘टोल वाचला – 75.’ गॅरेजचा खर्च लिहिलाच नाही. तो टोल थोडाच होता?

दुसरी चूक त्याहून लाजिरवाणी. फेब्रुवारी 2021च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. मी घेतला, पण काचेवर चिकटवला नाही. मेहुण्याची गाडी आणि माझी, दोन्ही छोट्या. ज्याला प्रवास असेल त्यानं टॅग न्यायचा, असं आमचं ठरलं होतं. टॅग गाडीच्या नंबराशी बांधलेला असतो, हे त्या पाकिटावर छापलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं असं नाही. नाका आला की बायकोनं पाकीट काचेला लावून धरायचं आणि मी ओरडायचं, ‘‘वर धर, अजून वर!’’ 2025च्या जुलैत महामार्ग प्राधिकरणानं असे हातात धरून दाखवलेले टॅग काळ्या यादीत टाकायचं ठरवलं. ती बातमीही मी वाचली, आणि ती इतरांसाठी आहे असं समजून पान उलटलं.

त्या वर्षीच्या दसऱ्याला कोल्हापूरला निघालो. एका नाक्यावर आडवा दांडा उठेना. मागं हॉर्नचा कल्लोळ. खिडकीत विशी-बाविशीचा मुलगा होता. मी काच खाली करून त्याला कायदा ऐकवला: रांग पिवळ्या पट्ट्याच्या मागं गेली की टोल माफ असतो, माहीत आहे का? हा नियम 2021 साली आला होता खरा, पण 2024मध्ये तो मागंही घेतला होता. माझ्यापर्यंत व्हॉट्सॲपनं पहिली अर्धी गोष्टच पोचवली होती. मग मी दुसरा नियम काढला: तुमचं यंत्र बंद असेल तर गाडी फुकट सोडावी लागते. हा नियम खरा होता. यंत्रही चालू होतं. ‘‘सर, मशीनला काही झालेलं नाही. तुमचा टॅग काळ्या यादीत आहे,’’ तो म्हणाला. यावर मी त्याला लुटारू म्हणालो. ‘तुम्ही सगळे’ असंही म्हणालो. त्या सगळ्यांत तो एकटाच माझ्यासमोर होता. त्यानं मान खाली घालून दुप्पट रकमेची पावती फाडली, पैसे मोजले आणि दांडा उचलला. बायकोनं पाकीट खणात ठेवलं आणि कोल्हापूर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

पुढं 15 नोव्हेंबर 2025पासून टॅग चालला नाही तर यूपीआयनं सव्वापट, रोखीनं दुप्पट असा नियम झाला. म्हणजे दीड महिना उशिरा मूर्खपणा केला असता, तर तो थोडा स्वस्तात पडला असता.

शहाणपण सुचलं तेही अर्धवटच. टॅग नीट करून काचेवर चिकटवला आणि दिवाळीआधी झटक्यात वार्षिक पास काढला. तेव्हा 3,000 रुपये, वर्षभर किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते. आता कुणाच्या बापाला घाबरायचं नाही, अशा थाटात द्रुतगती मार्गावर चढलो आणि मोबाईल वाजला. पैसे कापले गेले होते. हा पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांसाठी आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा, तिथं मोटारीला एकेरी 320 रुपये द्यायचेच होते. समृद्धी, अटल सेतू यांचंही तेच. शिवाय एक नाका ओलांडला की एक फेरी मोजली जाते, जाऊन आलो की दोन. घरी येऊन पहिल्यांदा गणित मांडलं. पुण्यापुढे खेड-शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी असे चार नाके, येऊन-जाऊन आठ. मी वर्षाकाठी तीनदा जातो, म्हणजे 24. तीन हजारांना 24नं भागलं तर नाक्यामागं 125 रुपये पडले. या चार नाक्यांवरच्या माझ्या टोलची सरासरी त्याहून कमीच होती. रोज नाका ओलांडणाऱ्यासाठी जी चीज सोन्यासारखी, ती मी वर्षातून तीन वेळा मिरवायला घेतली होती.

शेवटची चूक पैशांत मोजता येत नाही. डिसेंबरात मामा गुडघा दाखवायला मुंबईला आले होते. त्यांना कोल्हापूरला मी सोडणार होतो. आमच्या घरापासून शिवडी दहा मिनिटांवर, तिथून अटल सेतू. जानेवारी 2024मध्ये सुरू झालेला, जवळपास 22 किलोमीटरचा, त्यातला बराचसा भर समुद्रावर. टोल 250. जपानच्या कर्जातून उभा राहिलेला पूल, त्याची फेड कुठून तरी होणारच. दुसरा रस्ता मानखुर्दवरून वाशीच्या खाडीपुलाचा. 14 ऑक्टोबर 2024च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर लहान गाड्यांना टोल माफ झाला, त्यामुळं तो फुकट. मी अर्थातच फुकटचा धरला. मानखुर्दपासून गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. मामा मागच्या सीटवर पाय आखडून बसले होते. दर दहा मिनिटांनी दोन्ही हातांनी गुडघा उचलून जागा बदलायचे, पण तोंडातून ‘हूं’ नाही.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, ‘‘मामा, अडीचशे वाचवले बघा. तुमचाच भाचा आहे. तुम्ही तर टोलविरोधात मोर्चे काढलेत.’’

मामा खिडकीबाहेर बघत राहिले. कोल्हापुरात शहरांतर्गत सुमारे 50 किलोमीटर रस्त्यांसाठी टोल बसला, तेव्हा एन. डी. पाटील, गोविंदराव पानसरे यांच्यामागं अख्खं शहर रस्त्यावर उतरलं होतं. मामा त्या गर्दीत होते. 2015च्या अखेरीस सरकारनं तो टोल रद्द केल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यांनी मला फोन करून ती बातमी दिली होती.

‘‘आम्ही काय म्हणत हुतो, म्हाईत हाय?’’ ते बऱ्याच वेळानं बोलले. ‘‘रस्ता किती केलासा, कसला केलासा, खर्च किती आला, मोजून दावा. आनि टोल देनार न्हाई, हे सगळ्यांदेखत सांगितलं. आडवाटंनं न्हाई गेलो लेका. आनि खिडकीतल्या पोराला शिव्या तर आजिबात न्हाई दिल्या.’’

दसऱ्याची हकिगत त्यांना कुणी सांगितली होती, हे मला विचारावं लागलं नाही.

टोलबद्दलचा माझा राग खोटा आहे, असं मला आजही वाटत नाही. खड्ड्यांतून जाताना पूर्ण टोल का द्यायचा, हा प्रश्न खराच आहे. पण तो विचारण्याची एक जागा असते, आणि तिथं मी कधी गेलोच नव्हतो. नाक्याअलीकडे दरांचा भला मोठा फलक असतो. चोवीस तासांत परतलं तर दीडपटीत दोन्ही फेऱ्या, जवळ राहणाऱ्यांना मासिक पास, तक्रारीसाठी 1033 क्रमांक, सगळं त्यावर लिहिलेलं. तो फलक मी परवाच्या खेपेला पहिल्यांदा वाचला. दसऱ्याच्या त्या नाक्यावरही गेलो. खिडकीत दुसराच मुलगा होता. दांडा आपसूक उठला. माफी मागायला थांबलो असतो तर पुन्हा रांग अडली असती.

घरी आल्यावर वही काढली. 2022च्या जानेवारीतलं ‘टोल वाचला – 75’ खोडलं नाही. त्याच्याखाली, त्याच लाल शाईत, गॅरेज आणि लॉजचे 6,200 लिहिले. डिसेंबरच्या पानावर अडीचशेच्या खाली काय लिहायचं, ते अजून सुचलेलं नाही. तेवढी ओळ कोरी आहे.