चेंडू बाळूंकडे, कप्तानी दुसऱ्याकडे

१/
३ ऑक्टोबर १९७४ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड इंडियन्स या बेसबॉल संघाने आपला नवा मॅनेजर जाहीर केला. त्याचे नाव फ्रँक रॉबिन्सन. अमेरिकेच्या प्रमुख लीगमध्ये हे पद कृष्णवर्णीय माणसाकडे प्रथमच आले. कृष्णवर्णीय खेळाडू मात्र १९४७ पासून तेथे खेळत होते. जो माणूस खेळण्यास योग्य ठरतो, तो संघ चालविण्यास योग्य ठरायला २७ वर्षे का लागावीत? हा प्रश्न अमेरिकेआधी मुंबईत विचारला गेला होता आणि तेथे तो वर्णाचा नव्हे, जातीचा होता. हा धागा त्या मुंबईच्या प्रकरणाविषयी आहे.

२/
आधी शब्दांची उकल. आपल्याकडे मॅनेजर म्हटले की प्रवासाची तिकिटे आणि सामानसुमान पाहणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. बेसबॉलचा मॅनेजर तसा नव्हे. कोणी कोणत्या क्रमाने फलंदाजी करायची, चेंडू फेकणारा कधी बदलायचा, धोका कधी पत्करायचा, हे सारे तोच ठरवितो. क्रिकेटमध्ये हे अधिकार मैदानावरील कप्तानाकडे असतात. म्हणून बेसबॉल संघाने मॅनेजर शोधणे म्हणजे क्रिकेटच्या भाषेत कप्तान निवडणे होय.

३/
बाळू पालवणकर यांचा जन्म धारवाडचा, कुटुंब मूळचे कोकणातले, जात चांभार. वडील लष्करी नोकरीत असल्याने मुलांचे बालपण पुण्यात गेले. बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे चारही भाऊ पुढे नामांकित क्रिकेटपटू झाले. थोरल्या बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, महिना ३ रुपये. त्यानंतर ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार ४ रुपये झाला आणि कामात जाळी बांधण्याची भर पडली.

४/
याच क्लबात साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी घडली. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे मुंबई इलाख्यातील नाणावलेले फलंदाज. त्यांच्या नावाच्या उच्चारावरून लोक त्यांना ‘जंगली’ म्हणत. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाद केल्यास दर वेळी आठ आणे, असा त्यांचा करार होता, अशी कथा सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, एक गोष्ट निश्चित आहे. बाळूंनी या क्लबात असंख्य तास गोलंदाजी केली, पण त्यांच्या हाती बॅट कोणी दिली नाही. राबणे एकाचे आणि मिरविणे दुसऱ्याचे, अशी ही वाटणी होती.

५/
पुण्यातील हिंदू खेळाडूंना युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. ‘अस्पृश्य’ माणसाला संघात घ्यावे की नाही, यावर वाद झाला आणि अखेर त्यांना घेतले गेले. मैदानावर अकरा जण एकच चेंडू हाताळीत. चहाची सुट्टी झाली की बाकीचे आत कपबशीतून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताटही वेगळे, बैठकही वेगळी. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कसली, असे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्याच्या खेळाडूंना सुनावले होते. चेंडूला विटाळ नाही आणि कपाला आहे, या तर्काला त्याहून नेमके उत्तर नव्हते.

६/
पुढे प्लेगच्या दिवसांत हे कुटुंब मुंबईस आले. बाळूंना रेल्वेत नोकरी मिळाली आणि ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. त्या काळी मुंबईतील मोठे सामने धर्मानुसार बांधलेल्या संघांत होत. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन संघ समोरासमोर आले. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. या विजयात बाळूंची गोलंदाजी निर्णायक होती आणि शिवरामही संघात होते. वंगभंगविरोधी स्वदेशी चळवळ ऐन भरात असताना आलेला हा विजय साहजिकच खेळापुरता राहिला नाही.

७/
१९०७ मध्ये पारशी आल्याने ही स्पर्धा तिरंगी झाली आणि १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी. दरम्यान १९११ मध्ये अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्याचे कप्तान होते पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. महाराजांनी सामने थोडेच खेळले. पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. कप्तानी कशावरून ठरते, याचे याहून स्वच्छ उदाहरण दुसरे शोधावे लागणार नाही. महाराजांना ती जन्माने मिळाली आणि बाळूंना ती जन्मानेच नाकारली.

८/
दौऱ्यानंतर तरी हिंदू संघाची धुरा बाळूंकडे यायला हवी होती. अनुभव त्यांचा, बळी त्यांचे, ज्येष्ठताही त्यांचीच. कप्तान झाले एम. डी. पै. ते गौड सारस्वत ब्राह्मण होते. १९१३ मध्ये पै यांचा सत्कार झाला, तेव्हा ज्येष्ठ आणि अनुभवी खेळाडू या नात्याने हा मान बाळूंना मिळायला हवा होता, असे त्यांनी स्वतःच बोलून दाखविले. ज्याला पद मिळाले तोच ते दुसऱ्याचे असल्याचे सांगतो आणि निवड समिती ते ऐकूनही जागची हलत नाही. यावरून अडथळा एका माणसाच्या मनात नव्हता, व्यवस्थेत होता, हे दिसते.

९/
संघात स्थान देण्यास तयार असलेली समिती कप्तानी देताना का अडखळत होती? गोलंदाजाला चेंडू टाक म्हणून सांगता येते. कप्तान मात्र इतरांना सांगतो. तो क्षेत्ररक्षकाला इथून तिथे हलवितो, एखाद्याला गोलंदाजीवरून काढतो, प्रतिस्पर्धी कप्तानाशी बरोबरीने हस्तांदोलन करतो, समारंभात संघाच्या वतीने उभा राहतो. बाळू कप्तान झाले असते, तर दहा सवर्णांना चांभाराची आज्ञा पाळावी लागली असती. सवर्ण गुण स्वीकारायला तयार होते, आज्ञा नव्हे.

१०/
डिसेंबर १९२० मध्ये ही कोंडी फुटली. त्या वर्षी धाकटे गणपत निवर्तले होते. देशात असहकाराचे वारे होते आणि अस्पृश्यता निवारणाची भाषा राजकीय व्यासपीठांवरून ऐकू येऊ लागली होती. मुस्लिम संघाविरुद्धच्या सामन्याला पै उपलब्ध नव्हते, म्हणजे नवा कप्तान शोधणे आले. समितीने बाळूंना संघातूनच वगळले आणि कप्तानी पुण्याच्या दिनकर बळवंत देवधरांना दिली. देवधर गुणी होते आणि पुढे त्यांचे नाव भारतीय क्रिकेटमध्ये अजरामर झाले. प्रश्न त्यांच्या गुणवत्तेचा नव्हता. त्यांच्याहून ज्येष्ठ असलेले विठ्ठल आणि शिवराम त्याच संघात होते आणि त्यांचा विचारही झाला नाही, हा प्रश्न होता.

११/
दोन्ही भावांनी संघातून माघार घेतली आणि आपली बाजू जाहीरपणे मांडली. निवड ज्येष्ठतेने आणि कर्तृत्वाने व्हावी, जातीमुळे डावलले जाणे मान्य नाही, हा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. रोज मैदानात भेटणाऱ्या माणसांविरुद्ध वृत्तपत्रांतून उभे राहणे त्या काळी सोपे नव्हते. वाद पेटला आणि समितीला माघार घ्यावी लागली. पारशी संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै परतले, दोघे भाऊ परतले आणि बाळू उपकप्तान म्हणून संघात आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदान सोडून गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. बाळूंच्या वाट्याला आलेली कप्तानी एवढीच. त्यांची कारकीर्दही तेथेच संपली.

१२/
विठ्ठल पालवणकरांना १९२३ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात एक ठराव मंजूर करून घेतला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. त्याच वर्षीच्या चौरंगी स्पर्धेसाठी विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. सवर्ण सहकाऱ्यांनी त्यांना खांद्यावर घेतले. अस्पृश्यता गेली तर स्वराज्य येईल, असा बोध या विजयातून काढणारे पत्र वृत्तपत्रात छापून आले. पुढे १९२५ आणि १९२६ मध्येही हिंदू संघ विजेता ठरला.

१३/
हा समाजसुधारणेचा विजय होता की गरजेचा? प्रामाणिक उत्तर असे की दोहोंचा. विठ्ठल त्या वेळी संघाचे प्रमुख फलंदाज होते, त्यांना टाळणे महागात पडले असते. तरीही १९२० ची माघार झाली नसती, तर समितीला कोणी विचारले नसते. आणि एक मर्यादाही नोंदवायला हवी. खांद्यावर घेणे एका संध्याकाळचे असते. बोले ठरावानंतर चार वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला आणि पाणी पिणाऱ्यांना मार खावा लागला. कप्तान बदलला म्हणून पाणवठा बदलला नाही.

१४/
आता पुन्हा बेसबॉलकडे. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले आणि या खेळातील वर्णबंदी मोडली. १९५६ च्या हंगामानंतर ते निवृत्त झाले. लीगमधील एकाही संघाचे मॅनेजरपद त्यांना मिळाले नाही. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटी येथे वर्ल्ड सिरीजच्या सामन्यापूर्वी त्यांचा सत्कार झाला. तिसऱ्या बेसच्या बाजूला कृष्णवर्णीय मॅनेजर दिसेल त्या दिवशी आपल्याला अधिक आनंद होईल, असे ते तेथे म्हणाले. नऊ दिवसांनी त्यांचे निधन झाले. जॅकी आणि बाळू यांची तुलना अनेकदा होते, ती पहिलेपणासाठी. खरे साम्य पुढच्या पायरीवर आहे. दोघांनीही दार उघडले आणि दोघांनाही गादी मिळाली नाही.

१५/
१९७४ मध्ये निवड झालेले फ्रँक रॉबिन्सन हे दोन्ही लीगमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविलेले खेळाडू होते. शिवाय मॅनेजरपद शिकण्यासाठी त्यांनी पोर्तो रिकोच्या हिवाळी लीगमध्ये अनेक हंगाम संघ सांभाळला होता. ८ एप्रिल १९७५ रोजी त्यांनी मॅनेजर आणि खेळाडू अशा दुहेरी भूमिकेत पहिल्याच फलंदाजीत होमरन मारला आणि संघ जिंकला. १९७७ मध्ये त्यांना पदावरून काढले गेले. पुढे त्यांना इतर संघ मिळाले. हाही बरोबरीचाच भाग आहे. अपयशानंतर दुसरी संधी मिळणे हा हक्क इतरांना कायमच होता.

१६/
१९८७ मध्ये, जॅकींच्या पदार्पणाला ४० वर्षे झाल्याच्या निमित्ताने, डॉजर्सचे अधिकारी अल कॅम्पॅनिस दूरचित्रवाणीवर म्हणाले की, मॅनेजर होण्यास लागणारे गुण कृष्णवर्णीयांत कदाचित नसतील. हेच गृहस्थ तरुणपणी जॅकींचे संघसहकारी होते. दोन दिवसांत त्यांना पद सोडावे लागले. १९९९ मध्ये लीगने संघांना बंधन घातले की, मॅनेजर आणि अन्य महत्त्वाच्या पदांसाठी शोध घेताना अल्पसंख्याक उमेदवारांचाही विचार करावा. निवड कोणाची करायची हे नियम सांगत नाही. शोध कोठवर जावा, एवढेच सांगतो. हिंदू जिमखान्याच्या समितीला अशी अट असती, तर १९२० मध्ये तिला निदान कारण तरी द्यावे लागले असते.

१७/
हे सारे मुंबईचे आणि अमेरिकेचे, म्हणून दूरचे वाटेल. बाळू मुंबईत बळी घेत होते तेव्हा अजिंठ्याच्या डोंगराखालचे सोयगाव निजामाच्या राज्यात होते. क्रिकेट आता तेथेही पोचले आहे. सुगी उरकली की तालुक्याच्या गावांत टेनिस चेंडूचे सामने भरतात. पहिले षटक कोणी टाकायचे यावर वाद होत नाही, कारण वेग सर्वांना दिसतो. कप्तान ठरविताना मात्र वर्गणी कोणाची, बॅट कोणाची, चषक कोणाच्या वडिलांच्या नावाचा, हे प्रश्न न विचारता उपस्थित होतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने नजर ठेवायची ती याच ठिकाणी.

१८/
म्हणून एखाद्या संघाचा, संस्थेचा वा पक्षाचा इतिहास वाचताना केवळ कोणाला प्रवेश मिळाला ते पाहून थांबू नये. निर्णय कोणी घेतले, कोणाची आज्ञा चालली, कोणाचे नाव यादीत आलेच नाही, तेही तपासावे. प्रवेशाची तारीख आणि अधिकाराची तारीख यांतील अंतर हे त्या समाजाचे खरे मोजमाप आहे. हिंदू संघाच्या बाबतीत बाळूंच्या १९०६ च्या विजयापासून विठ्ठलांच्या कप्तानीपर्यंत हे अंतर १७ वर्षांचे होते. त्या १७ वर्षांत बाळू बहुतेक वेळ दुसऱ्याच्या इशाऱ्यावर गोलंदाजी करीत होते आणि सामने जिंकून देत होते.