जुन्या विमानांतील एक दुपार

इतिहास वाचावा, वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकावा, फार तर वस्तुसंग्रहालयांत कांचेपलीकडे ठेवलेला पाहावा, एवढीच आमची इतिहासाविषयींची कल्पना होती. तो हातांनीं चाचपतां येतो, त्याच्या पोटांत शिरून बसतां येतें आणि उतरल्यावरहि त्याच्या तेलाचा वास आपल्या कपड्यांना येत राहतो, हा अनुभव आम्हांला साठी उलटल्यावर आला. तोहि कोठें, तर इंग्लंडांतील लिंकनशायर परगण्यांत, ईस्ट कर्कबी नांवाच्या खेड्यांत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळच्या एका बाँबफेकी विमानांत! त्या दुपारीं आम्हांला जो आनंद झाला, तो आजवर आम्हीं कोणापाशीं मोकळेपणानें बोलून दाखविलेला नाहीं. कारण तो आनंद योग्य होता कीं नाहीं, याचा निकाल आमच्या मनाशीं अद्याप लागावयाचा आहे. वाचकांपुढें हकीकत मांडावी, म्हणजे कदाचित् तो लागेल, एवढ्याच आशेनें हें लिहीत आहों.

२०१९ च्या उन्हाळ्यांत आम्ही आमच्या चिरंजीवांकडे गेलों होतों. त्यांची नोकरी तिकडे. आम्हांला लहानपणापासून विमानांचें वेड आहे, हें घरांत सर्वांस ठाऊक. तेव्हां वाढदिवसाची भेट म्हणून त्यांनीं आमच्यासाठीं व स्वतःसाठीं एका लँकॅस्टर विमानांत बसण्याचीं तिकिटें काढून ठेवलीं होतीं. हें विमान उडत नाहीं. चारहि एंजिनें चालू करून जुन्या तळाच्या जमिनीवरून धावतें आणि माघारी येतें. ऐकून आम्हांला थोडें विचित्र वाटलें. तलवारी भिंतीवर टांगाव्यात हें आम्हांला समजतें. परंतु ज्या यंत्रानें शहरेंच्या शहरें जाळलीं, त्यांत तिकीट काढून बसावयाचें? तथापि मुलाच्या हौसेपुढें बापानें तत्त्वज्ञान सांगूं नये, म्हणून आम्ही गप्प राहिलों. खरें सांगावयाचें तर आमची स्वतःची उत्सुकताहि कांहीं कमी नव्हती.

लिंकनशायर हा सपाट मुलूख. दूरवर गव्हाचीं शेतें आणि वर मोठें आभाळ. सपाट, आणि जर्मनीच्या बाजूला. म्हणून युद्धकाळीं येथें विमानतळांची दाटी झाली होती. ईस्ट कर्कबीच्या तळावर १९४३ पासून ५७ व ६३० या क्रमांकांचीं दोन पथकें होतीं. युद्ध संपल्यावर तळाला पुन्हा शेताची कळा आली. पुढें ती जमीन फ्रेड व हॅरॉल्ड पॅन्टन या शेतकरी बंधूंनीं घेतली. त्यांचा वडील भाऊ ख्रिस्तोफर हा विमानांतील एंजिनियर होता. १९४४ सालच्या मार्च महिन्याच्या ३० तारखेस रात्रीं न्यूरेंबर्गवर जी स्वारी झाली, तिच्यांत तो मारला गेला. वय वर्षें १९. त्या एका रात्रींत निघालेल्या ७९५ विमानांपैकीं ९५ परत आलीं नाहींत. धाकट्या भावांनीं हें दुःख जवळजवळ चाळीस वर्षें मनांत बाळगलें आणि १९८३ सालीं एक लँकॅस्टर विकत घेतलें. १९८८ सालीं तें या तळावर आणून भावाच्या स्मरणार्थ संग्रहालय उघडलें. ही हकीकत कळल्यावर आमची नापसंती बरीच निवळली. जत्रेंतल्या पाळण्याची कल्पना मनांत धरून आम्ही आलों होतों. येथें पाहतों तों दोन भावांनीं घातलेलें श्राद्धच म्हणावें असें कांहीं निघालें.

विमानाचीहि कथा ऐकण्यासारखी आहे. १९४५ च्या एप्रिलांत तें बांधून तयार झालें. जर्मनीशीं चाललेल्या युद्धास तें उशिरा पोहोंचलें, आणि जपानवर धाडण्याचें ठरलें होतें तोंच तेंहि युद्ध संपलें. म्हणजे इतक्या जणांच्या मृत्यूचें स्मारक झालेल्या या यंत्रानें महायुद्धांत एकहि बाँब टाकलेला नाहीं. पुढें फ्रेंच आरमाराकडे समुद्रावर पहारा करण्याचें काम त्यानें केलें, पॅसिफिकमधील न्यू कॅलिडोनिया बेटापर्यंत तें गेलें, आणि १९६५ सालीं स्वदेशीं परतलें.

उजव्या अंगाला शेपटीजवळ एक लहानसें दार आहे. तेथून शिडीनें आंत शिरावयाचें. बाहेरून पंख १०२ फूट लांब, तेव्हां आंत ऐसपैस जागा असेल असें वाटतें. पण ती सर्व जागा बाँबांसाठीं राखलेली. विमानाच्या पोटाखालचा कोठा तेहेतीस फूट लांबीचा आहे. माणसांच्या वांट्याला त्यावरचा निरुंद बोळ आला आहे. वाकून चालावें, हात धरावयास जावें तों थंडगार लोखंडी कड हातीं यावी, आणि मध्यभागीं दोन्ही पंखांना जोडणारी जी भली मोठी आडवी तुळई आहे ती ओलांडण्यासाठीं अक्षरशः पोटावर झोपून पलीकडे घसरावें, असा तो प्रवास. आमच्या गुडघ्यांनीं तेथें स्पष्ट नकार दिला. चिरंजीवांनीं पलीकडून हात दिला म्हणून निभावलें. हीच तुळई जाड कपडे घालून, काळोखांत, विमान पेटलें असतां ओलांडावी लागे, ही गोष्ट तोंपर्यंत आम्हीं पुस्तकांत चारपांचदां तरी वाचली असेल. ती आम्हांला प्रथम कळली ती गुडघा खरचटला तेव्हां.

शेपटीच्या टोकाला कांचेची एक कोठडी आहे. तिच्यांत चार मशीनगना आणि एक माणूस. त्याचें तोंड मागें. आपण कोठें चाललों आहों तें त्याला दिसत नसे, मागें सुटलेला काळोख तेवढा दिसे. कोठडी इतकी अरुंद कीं त्याची हवाई छत्री दाराबाहेर, पाठीमागच्या बोळांत अडकवून ठेवावी लागे. विमानाला आग लागली कीं प्रथम तीं दारें उघडावयाचीं, मागें हात घालून छत्री काढावयाची, ती छातीला अडकवावयाची, आणि मग उडी. उंचावर पारा शून्याखालीं चाळीस अंशांपर्यंत उतरे. असें असूनहि पुष्कळांनीं समोरची कांच काढून टाकविली होती. कारण कांचेवरचा एखादा डाग रात्रीं शत्रूच्या विमानासारखा दिसे. आम्हीं त्या कोठडींत नुसतें डोकें घालून पाहिलें आणि लगेच बाहेर काढलें. बाँबफेक करणाऱ्या या दलांतील सुमारें १,२५,००० विमानवीरांपैकीं ५५,५७३ मृत्यु पावले, शंभरांतले चव्वेचाळीस! बहुतेक सर्व विशी-पंचविशींतले, आणि सर्व आपखुषीनें आलेले.

मग आम्हांला बिनतारी यंत्रावर काम करणाऱ्याच्या जागीं बसविलें. शेजारच्या लहान खिडकींतून पंखा दिसत होता. तो एकदोनदां अडखळत फिरला, निळसर धुराचा लोट निघाला, आणि एकदम एंजिनानें आवाज धरला. दुसरें, तिसरें, चौथें! तो आवाज केवळ कानांनीं ऐकावयाचा नव्हता. फासळ्यांतून, दांतांतून, बाकाच्या लोखंडांतून तो अंगांत शिरत होता. विमान हळूच हाललें आणि गवतावरून डुलत निघालें. आणि वाचकहो, आम्ही हसत होतों! आपण हसत आहों, हें आम्हांला समोर बसलेल्या एका अनोळखी इंग्रज बाईंच्या चेहऱ्यावरून कळलें. कारण त्याहि तशाच हसत होत्या. अंगावर रोमांच उभे राहिले होते. श्राद्ध, आंकडे, गुडघा, सारें कांहीं त्या क्षणीं विसरलें. पंधरा वर्षांचा मुलगा गच्चीवर चढून आभाळाकडे पाहतो तसे आम्ही झालों होतों.

ही उपमा आम्हीं उगाच दिलेली नाहीं. १९७१ च्या डिसेंबरांत पाकिस्तानशीं युद्ध चालू असतांना मुंबईंत रात्रीं दिवे मालवीत, खिडक्यांना तपकिरी कागद लावीत. एके रात्रीं भोंगा वाजतांच आम्ही विमान दिसेल या आशेनें चाळीच्या गच्चीवर पळालों. आई मागोमाग आली, दंडाला धरून आम्हांला खालीं ओढीत नेलें आणि जिन्यांत एक थोबाडींत दिली. आयुष्यांत तिनें आम्हांला मारलें तें तेवढें एकदांच. आम्हीं रुसून विचारलें, “एवढें काय झालें?” ती म्हणाली, “तुला मौज वाटते ना? वाटूं दे. पण माझ्यादेखत नाहीं.”

आई अकरा वर्षांची असतांना, १४ एप्रिल १९४४ रोजीं, दुपारीं चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ या दारूगोळ्यानें भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. अर्ध्या तासानें दुसरा. शेंकडों माणसें मेलीं. गिरगांवांतील तिच्या चाळीचीं तावदानें फुटलीं आणि जपान्यांनीं बाँब टाकले अशी ओरड झाली. आमचे आजोबा बंदरावरच्या एका वखारींत कारकून होते. ते घरीं आले मध्यरात्रीनंतर, पायीं, अंगभर राख घेऊन. तोंपर्यंतचे आठ-नऊ तास ती मुलगी दारांत बसून होती. तें विमान नव्हतें, जहाज होतें, हें तिला दुसऱ्या दिवशींच कळलें. परंतु भयाला तें कधींच कळलें नाहीं. पुढें एखादें विमान खालून गेलें कीं ती हातचें काम टाकून आम्हां चार भावंडांचीं नांवें एकेक करून घेई, आणि चौघांनीं ओ दिल्याखेरीज पुन्हा कामाला लागत नसे.

विमान थांबल्यावर चिरंजीव पुढच्या टोकाला, बाँबचा नेम धरणारा जेथें पालथा पडे तेथें, खालीं उतरून आडवे झाले. आम्हांला वरून त्यांच्या बुटांचे तळवे तेवढे दिसत होते. त्यांचें वय त्या वेळीं चौतीस. त्या सात जणांत ते म्हातारेच ठरले असते. त्या जागेवरून खालीं पाहिलें कीं गवत दिसतें, आणि युद्धांत दिवे मालविलेलें शहर दिसे. या तळावरचीं पथकें ज्या पांचव्या गटांत मोडत, त्याच गटाचीं विमानें १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्रीं ड्रेस्डेन शहरावर पहिल्या लाटेंत गेलीं होतीं. तेथें २५,००० पर्यंत माणसें मेलीं, असें जर्मन इतिहाससंशोधकांच्या समितीनें २०१० सालीं ठरविलें. हिटलरशीं लढणें प्राप्तच होतें, आणि वॉर्सा, रॉटरडॅम, कॉव्हेन्ट्री हीं शहरें आधीं त्याच्याच विमानांनीं भाजून काढलीं होतीं, हें आम्ही जाणतों. परंतु ड्रेस्डेनमध्येंहि दारांत बसून बापाची वाट पाहणारी एखादी अकरा वर्षांची मुलगी असलीच पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं आम्ही लिंकन शहराबाहेरच्या टेकडीवर गेलों. २०१८ सालीं उघडलेल्या तेथील स्मारकांत या दलाच्या सुमारें ५८,००० मृतांचीं नांवें पोलादी भिंतींवर कोरलेलीं आहेत. मधोमध उभारलेला मनोरा लँकॅस्टरच्या पंखांच्या लांबीइतकाच उंच आहे. तेथील संग्रहांत विमानांतल्या माणसांच्या आठवणींबरोबर, ज्यांच्यावर बाँब पडले त्यांच्याहि आठवणी जतन केल्या आहेत, हें पाहून आम्हांला बरें वाटलें. विमानाच्या पोटांत शिरून सात माणसांचें भय कळतें, आणि तें पुस्तकापेक्षां पुष्कळच चांगलें कळतें, याविषयीं आम्हांला आतां शंका नाहीं. पॅन्टन बंधूंचे आम्ही त्याबद्दल ऋणी आहों. मात्र खालच्यांचें भय तेथें बसून कळण्यासारखें नाहीं. तें आम्हांला आमच्या आईनें चाळीच्या जिन्यांत शिकविलें होतें, आणि चार एंजिनें सुरू होतांच आम्ही तें विसरलों.

चिरंजीवांनीं त्या दिवशीं आमचें एक छायाचित्र घेतलें. त्यांत आम्ही विमानाच्या दारांत उभे आहों. केस विस्कटलेले, हातांना काळें वंगण, आणि तोंडभर हसूं. तें त्यांनीं चौकट करवून येथें पाठविलें. दिवाणखान्यांत एकच मोकळी भिंत आहे, आणि तिच्यावर आईची तसबीर आहे. शेजारीं तें लावावें असें कितीदां मनांत आलें. खिळाहि आणून ठेवला. अजून तें टेबलाच्या खणांतच आहे. अधूनमधून खण उघडून आम्ही तें पाहतों, आणि कोणाचें पाऊल वाजलें कीं खण लावून घेतों.