लावून न घेतलेलं दार

1893 च्या ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर पुण्याच्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. वादाच्या मुळाशी होतं एक दार. विधवा मुलींसाठी हे सदन चालवणाऱ्या, ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार लावून घेत नसत. सदनातल्या काही विधवा मुली आपण होऊन आत येऊन बसत.

दार लावून घ्यायला काय हरकत होती? मुलींच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही, असं बाईंनीच सांगितलं होतं. सदनात सोवळं-ओवळं पाळायची मुभा होती. मुलींना बोलावलं नाही हे खरं; पण ज्या बाईवर मुलींचा जीव आहे तिचं उघडं दार हे बोलावणंच नव्हे का? सुधारकांचा राग समजण्यासारखा आहे. ‘केसरी’ने तर झोडच उठवली, आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. त्या बालविधवा ज्या माजघरांतून आल्या होत्या तिथेच परत गेल्या, याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. हे आजही खटकतं.

बाई हट्टी होत्या म्हणावं, तर त्यांचा हट्ट कुठून आला तेही पाहायला हवं.

तीर्थक्षेत्री पुराण सांगून जगणारी कुटुंबं असत; रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब तसंच गावोगाव फिरणारं. 1874 च्या सुमारास दुष्काळात सगळं संपलं. उपास, दानं, अनुष्ठानं, काही बाकी ठेवलं नाही. वडील गेले. मग रायचूरला आई गेली. तिरडीला चौथा माणूस मिळेना. रमा उभी राहिली, पण उंची कमी. खांदा पोचेना, म्हणून तिने तिरडी डोक्यावर घेतली. बहीणही गेली. पुढे 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. पदरात तान्ही मनोरमा.

ज्या देवासाठी इतकं केलं त्याने ऐकलं नाही, असं वाटलेल्या मुलीला नवा देव लगेच पटेल कसा? 1883 मध्ये रमाबाई इंग्लंडात वाँटेजला गेल्या. त्यांच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. घेतला खरा, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत काही गळी उतरेना. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून त्या भांडत राहिल्या. आज्ञाधारक शिष्या म्हणून कोणाच्या हाती लागल्या नाहीत. आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला, ख्रिस्त बराच नंतर, अशा अर्थाचं त्यांनी 1907 मध्ये लिहून ठेवलं. मधली आठेक वर्षं शंकेची. श्रद्धा म्हणजे शांत चेहरा असं समजणाऱ्यांनी ती पत्रं जरूर वाचावीत.

म्हणजे दारामागची प्रार्थना त्यांना नुकतीच कुठे गवसली होती. ती लपवायची कशी? वर सुधारकांची बाजू घेतली आहे, ती इथे डळमळते.

1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या भुकेल्या मुली पाहून त्यांना स्वतःचे दुष्काळातले दिवस आठवले. शेकडो मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगची धास्ती, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर नेलं. पैसा कुठून येणार ते ठाऊक नव्हतं.

कानांनी तर तरुणपणीच साथ सोडायला सुरुवात केली होती. 1921 मध्ये मनोरमा गेली. बाई बायबलच्या आपल्या मराठी भाषांतराची मुद्रितं तपासत राहिल्या, आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. ग्रंथ 1924 मध्ये निघाला, केडगावच्याच छापखान्यातून. तिथे खिळे जुळवायला ‘मुक्ती’तल्या, म्हणजे रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमातल्या, बायका बसत.