करंजा ते रेवस

नेरूळहून अलिबागला सायकलने जावयाचे तर दोन वाटा आहेत. पनवेल-पेण-वडखळ हा रस्ता सुमारे ८० किलोमीटरचा. दुसरी वाट उरणमार्गे करंजा बंदरापर्यंत, तेथून लाँचने धरमतरची खाडी ओलांडून रेवस आणि पुढे चोंढीवरून अलिबाग. हिच्यात पंचवीसएक किलोमीटर वाचतात. मात्र न्हावा-शेवा बंदराकडे धावणाऱ्या कंटेनरांच्या रांगा चुकवायच्या, तर नेरूळ पहाटेच सोडावे लागते.

करंजाच्या धक्क्यावरून सायकल लाँचवर चढविणे हे एकट्याचे काम नव्हे. परंतु कोणीतरी न सांगताच मागचे चाक धरतो. पलीकडे पोहोचावयास जेमतेम पाव तास. घामेजलेल्या पाठीला खाडीचा वारा लागतो, पाय मोकळे होतात, आणि रेवसला उतरताना उरलेली वाट अर्धी वाटू लागते. वडखळचा रस्ता ज्याने एकदा तुडविला आहे, त्यालाच या पाव तासाची किंमत कळते.

या खाडीवर पूल व्हावा, ही बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासूनची गोष्ट. आता काम सुरू झाले आहे. रेवसच्या रुग्णाला रात्री-अपरात्री नवी मुंबई गाठता यावी, म्हणून तो व्हावाच. परंतु १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या अटल सेतूवर सायकलीला मज्जाव आहे. येथेही तसेच झाले आणि प्रवाशांअभावी लाँचही थांबली, तर सायकलस्वारास पुन्हा वडखळचाच वळसा. पुलाच्या कडेस दोन हात रुंदीची पट्टी आताच राखली, तर एवढ्या मोठ्या अंदाजपत्रकात तिचा खर्च कितीसा भरणार?